हुशार घर आणि घरखर्चाचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्या यंत्रमाग कामगाराने समोर सतरंजीवर बसून ऐकावे, अशी आमची आजवरची वहिवाट. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते नगर वाचनालयात आणि कामगारांच्या पगारचिठ्ठ्या तपासताना. तेव्हा आज आम्ही सांगणार आहोत ते शास्त्र नव्हे. तो साधा हिशेब आहे.

गेल्या दिवाळीत आमच्या एका कामगार मित्राच्या मुलाने वडिलांच्या बोनसातून मोबाईलवर चालणारे दिवे आणि प्लग घरभर बसविले. दुकानदाराने त्याला सांगितले होते, 'घर हुशार करा, वीजबिल निम्मे होईल.' चार महिने लोटले. बिल होते तिथेच राहिले. बापलेकांत अबोला धरण्याची वेळ आली, तेव्हा मित्र बिले घेऊन आमच्याकडे आला. म्हणाला, "भाऊ, मालकाचा हिशेब तपासता तसा माझ्या घरचाही तपासा."

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. प्रथम दिवे घेतले. आजचा एलईडी दिवा ९ वॉटचा. तो रोज दोन तास विसरून जळत राहिला, तर महिन्याकाठी जेमतेम अर्धा युनिट वाया जातो. म्हणजे हुशार दिव्याने विसराळूपणा पुरता घालविला तरी वाचणार तो हा अर्धा युनिट! उलट, मोबाईलची हाक ऐकण्यासाठी ह्या वस्तू बंद असतानाही जाग्याच असतात, आणि जागे राहण्याची मजुरी घेतात. एका प्लगची ही मजुरी एक वॉट धरली, तरी वर्षाला पावणेनऊ युनिट होतात. असे दहा प्लग लावले तर वर्षाचे सत्त्याऐंशी युनिट झाले. राखणदाराचा पगार राखलेल्या मालापेक्षा अधिक, असा हा प्रकार झाला.

मग वीज जाते कुठे? आम्ही मान वर करून पाहिले. छताला दोन जुने पंखे फिरत होते. जुना पंखा साधारण ७५ वॉट घेतो. बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट. बीएलडीसी जातीचा नवा पंखा तेवढ्याच वाऱ्याला सुमारे ३० वॉट घेतो. त्याचे ११ युनिटही होत नाहीत. दोन पंख्यांमागे महिना बत्तीस युनिट वाचले! आणि आपल्याकडे वापर वाढत जाईल तसा वरच्या टप्प्यातील युनिटचा दर चढत जातो. म्हणून वाचतात ते युनिट सर्वांत महागडे असतात. ह्या पंख्याला मोबाईल लागत नाही, इंटरनेट लागत नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी एसी आहे त्यांनाही हेच लागू. १ जानेवारी २०२० पासून स्टार असलेला एसी चालू करताच २४ अंशांवर असावा, असा केंद्र सरकारचा नियम झाला. एक अंश वर ठेवल्यास वीज सुमारे ६ टक्के वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. पहाटे तीनला तो आपोआप बंद करण्याची कळही बहुधा रिमोटवरच असते. हुशारी घरात आलेली आहे. आपण तिला विचारीत नाही, एवढेच.

कोणी म्हणेल, मग परदेशात लोक ह्या वस्तू घेतात ते काय खुळे आहेत? मुळीच नाहीत. अमेरिकेत थंडीचे कित्येक महिने सारे घर तापवावे लागते. घरात कोणी नसताना ती उष्णता आपोआप कमी करणाऱ्या नेस्ट यंत्राच्या कंपनीने २०१५ मध्ये स्वतःच सांगितले की, तापविण्याच्या खर्चात १० ते १२ टक्के बचत होते. मोठ्या खर्चाचे दहा टक्के मोठेच असतात. परंतु मुळात जिथे खोली सोडताना आई बटण बंद करून जाते, तिथे यंत्राने वाचवावे तरी काय? उधळपट्टी असेल तिथेच बचत सापडते.

दुसरी गोष्ट मालकीची. अमेरिकेत रिव्हॉल्व्ह नावाचा, घरातील यंत्रे जोडणारा, सुमारे ३०० डॉलरचा डबा विकला जात असे. नेस्टने २०१४ मध्ये ती कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये त्या डब्याची सेवा बंद केली. पैसे देऊन घेतलेला डबा घरात होता तिथेच निकामी झाला. पंखा आपला असतो. अशा डब्याची दोरी मात्र दुसऱ्याच्या हाती असते.

तरीही आम्ही यंत्राचे वैरी नाही. १४ जून २०२३ रोजी केंद्राने वीजग्राहकांचे नियम बदलले. दिवसाच्या आठ सौर तासांत वीजदर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा, असे त्यात आहे. त्यासाठी मीटर मात्र स्मार्ट हवा. आता दिवसा कामगाराच्या दाराला कुलूप असते. धुण्याचे यंत्र त्या वेळी आपोआप चालू होणार असेल, तर तिथे हुशारीला खरी किंमत आहे. परंतु संध्याकाळची पोळी आणि मुलांचा अभ्यास दुपारवर ढकलता येत नाही. म्हणून सवलतीचे घड्याळ कोणाच्या सोयीने लावले, हे विचारणे आपले काम आहे.

शेवटी एक आकडा सांगतो. ज्या निर्देशांकावर औद्योगिक कामगारांच्या महागाईचे माप घेतात, त्याच्या २०१६ च्या मालिकेत शंभरांत इंधन आणि दिवाबत्तीचा वाटा साडेपाच आहे, अन्नपेयांचा ३९.१७ आणि घराचा १६.८७. इंधन-दिवाबत्तीत दहावा हिस्सा वाचविला तरी शंभर रुपयांत पंचावन्न पैसे सुटतात. ते जरूर सोडवावेत. परंतु डाळीचा आणि भाड्याचा प्रश्न प्लगाने सुटतो असे कोणी सांगू लागला, तर त्याला नमस्कार करून पुढे जावे.

त्या बापलेकांचे पुढे काय झाले, हे आपणांस ऐकावेसे वाटत असेल. मुलाने आमचा हिशेब स्वतः पुन्हा मांडला आणि एका पंख्यात आमची चूकही काढली. तो दहा तासच चालत होता. येत्या बोनसात दोन्ही पंखे बदलायचे ठरले आहे. घरात हुशार कोण हा वाद त्या दिवशी मिटला, कारण त्या मुलानेच पेन्सिल हातात घेतली होती.