वजनाचा हिशेब
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



गणपतीच्या मांडवात मोटारसायकलवर भाषण कसले, असे काहींच्या मनात आले असेल. पण आपले बडोदे हे कलाभवनाचे गाव. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते सुरू केले, तेव्हापासून इथे यंत्रविद्या शिकवली जाते. याच गावात मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि गेली वीस वर्षे सरकारी वर्कशॉपमध्ये गाड्या तपासतो आहे. तेव्हा मला ठाऊक आहे त्याच विषयावर बोलतो.

निमित्त घरचेच आहे. माझ्या मुलाला स्पोर्ट्स बाईक हवी आहे. इंजिन जेवढे मोठे तेवढी गाडी भारी, असे त्याचे मत. त्याला मी एका गाडीची गोष्ट सांगितली, तीच आज सांगतो.

१९९२ साली होंडाने सीबीआर ९०० आरआर, म्हणजे फायरब्लेड, बाजारात आणली. तिचे प्रमुख अभियंते तादाओ बाबा. आडनाव खरोखरच बाबा! अठराव्या वर्षी ते होंडात लागले आणि सुरुवातीला मशीनवर इंजिनाचे भाग तयार करत. त्या वेळी हजार सीसीच्या जपानी स्पोर्ट्स गाड्या पेट्रोल-तेल न भरताही दोनशे किलोंच्या वर भरत. बाबांनी ताकद वाढवण्याऐवजी वजन उतरवायला घेतले. इंजिन ८९३ सीसीचे, ताकद सुमारे १२० अश्वशक्ती, आणि कोरडे वजन फक्त १८५ किलो! एखादा मोठा भाग काढून हे जमले नाही. प्रत्येक भागातून थोडे थोडे वजन कमी केले. पुढचे शॉकअप उलट्या बनावटीचे बसवण्याची तेव्हा फॅशन होती. यांनी साधेच ठेवले, कारण ते हलके पडत होते.

वजन किती, याइतकेच ते कुठे आहे हेही महत्त्वाचे. भरलेली कळशी कडेवर घेऊन वळणे सोपे. तीच हात लांब करून धरली तर वळताना तोल जातो. म्हणून चांगल्या स्पोर्ट्स बाईकमध्ये जड भाग मध्याजवळ आणतात. दोन चाकांमधले अंतरही कमी ठेवतात. फायरब्लेडचे होते १४०५ मिलिमीटर. अशी गाडी वळणावर पटकन झुकते आणि पटकन सरळ होते.

आता ब्रेक. धावत्या गाडीची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वजन दुप्पट तर ऊर्जा दुप्पट. वेग दुप्पट तर ऊर्जा चौपट. याचा अर्थ असा, की एकूण वजन दहा टक्के घटवून जे कमावले, ते वेग पाच टक्के वाढवला की जवळजवळ संपते. अभियंत्याने काही वर्षे खपून वाचवलेले आपण मूठ जराशी पिळून क्षणात उडवतो.

हे गणित मी पॉलिटेक्निकमध्ये सोडवले होते. तरी २००३ साली मित्राची गाडी घेऊन हलोल रस्त्याने ऐंशीच्या वेगाने निघालो. मागे धाकटा भाऊ. हेल्मेट दोघांनाही नाही. म्हैस आडवी आली. ऐंशीच्या वेगात एका सेकंदात गाडी बावीस मीटर जाते. माझा हात ब्रेकवर पोचेपर्यंत तेवढी गेलीच. मला खरचटले. भावाच्या डाव्या पायात सळई घालावी लागली. तो पाय थंडीत अजून दुखतो. गाडीचे ब्रेक उत्तम होते. चूक माझ्या अंदाजात होती. भाऊ आज समोरच बसला आहे. त्याला विचारूनच हे सांगतो आहे.

मुलाला मी नाही म्हटलेले नाही. आधी दीडशे सीसीची गाडी, आणि दर रविवारी सकाळी मोकळ्या मैदानावर माझ्यासमोर ब्रेक मारण्याचा सराव: वीसच्या वेगाने, मग चाळीसच्या. कुठे थांबला तिथे खडूने खूण करायची आणि अंतर टेपने मोजायचे. चाळीसची खूण वीसच्या किती पुढे गेली, हे त्याने स्वतः मोजावे. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवेच. या अटी पूर्ण झाल्या की मोठ्या गाडीचे बघू. किल्ली त्याचा काका देईल, असे घरात ठरले आहे.

आपल्या घरांतूनही ही मागणी येत असेल. मुलांना नुसते रागावू नका. मैदानावर न्या, टेप बरोबर घ्या.

गणपती बाप्पा मोरया!