आपला स्पीकर, आपल्याच ताब्यात
(जुहू येथील गटांच्या बैठकीतील बोलणे)



मागच्या महिन्यात जुहूच्या नेहरूनगरात एका गटाच्या बैठकीला गेले होते. हप्त्यांची यादी वाचून चालली होती, आणि कोपऱ्यातल्या स्पीकरवर एकदम लग्नातलं गाणं वाजू लागलं. शेजारच्या खोलीतल्या पोराने आपला समजून मोबाईल जोडला होता. सगळ्याजणी हसलो. मग एका ताईने विचारलं, "त्याचं गाणं इकडे येतं, तर आपलं बोलणं तिकडे जातं का?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. ज्या स्पीकरवरून फोनवर बोलता येतं, त्यात माइक असतो. तो परक्या फोनला जोडला गेला, तर खोलीतलं बोलणं तिकडे ऐकू जाऊ शकतं. कुणाचा हप्ता थकला, कुणाच्या घरी काय अडचण आहे, हे गटाबाहेर जायला नको.

ब्लूटूथ साधारण 10 मीटर, म्हणजे तीसेक फुटांपर्यंत पोचतं. साधी भिंत त्याला पुरती अडवत नाही. जुहूच्या वस्तीत तेवढ्या अंतरात चार खोल्या येतात, तुमच्या गावात शेजारचं घर नक्की येतं. बऱ्याच छोट्या स्पीकरना पासवर्ड नसतो. नुसता चालू राहिला, की जो आधी जोडेल त्याचा.

म्हणून एवढं करा.

काम झालं की स्पीकर बंद करा. बैठकीत तर बंदच ठेवा.

चालू केल्यावर लगेच आपला फोन जोडा. बरेच स्पीकर एका वेळी एकच फोन घेतात.

परका फोन जोडला गेला असेल, तर सोबतच्या माहितीपत्रकात बघून स्पीकर रीसेट करा. जुन्या जोडण्या पुसल्या जातात.

स्पीकर वायफायवर चालत असेल, तर वायफायचा पासवर्ड बदला.

आता उलटी बाजू. शेजारणीच्या स्पीकरला तुम्ही कधी फोन जोडला असेल, तर तो पुढे आपोआप जोडला जाऊ शकतो. मग बँकेतून आलेला फोन तिच्या घरात मोठ्याने ऐकू येईल. सेटिंगमध्ये ब्लूटूथ उघडा, त्या स्पीकरचं नाव शोधा आणि 'विसरा' दाबा.

गटाच्या पेटीची किल्ली आपण कुणाच्याही हाती देत नाही. तेवढंच लक्ष इथेही ठेवा. पुढच्या बैठकीला येण्याआधी घरचा स्पीकर आणि आपला फोन, दोन्ही तपासून या. जमलं नाही तर सोबत घेऊन या, मिळून करू.