सेवेतील धीर



वर्धापनाच्या या मंगल प्रसंगी सेवेविषयी चार शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली आहे. उपदेशाचा माझा अधिकार नाही; म्हणून एक हकिकत निवेदन करतो.

१९७४ च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मोठमोठ्या आश्रयगृहांतून बुद्धीने अपंग ठरविलेली माणसे बाहेर पडत होती; पण त्यांच्या हातांना उद्योग नव्हता. चित्रकार फ्लॉरेन्स लुडिन्स-कॅट्झ व मानसशास्त्रज्ञ इलायस कॅट्झ या पतिपत्नींनी बर्कली येथील आपल्या घरीच त्यांच्यापुढे रंग आणि कागद मांडले. त्यातूनच ओकलंडची ‘क्रिएटिव्ह ग्रोथ’ ही संस्था उभी राहिली.

१९८७ साली तेथे ज्युडिथ स्कॉट आली. तिला जन्मतः डाउन सिंड्रोम होता. शिवाय ती बहिरी आहे, हे कित्येक वर्षे कोणाच्या ध्यानीच आले नाही. ‘शिकण्यास अपात्र’ ठरवून बालपणीच तिला घराबाहेर ठेवण्यात आले होते. सुमारे ३५ वर्षांनी जुळी बहीण जॉइस हिने तिला आपल्याजवळ आणले.

जवळजवळ दोन वर्षे ज्युडिथचे मन कशातच रमेना. तरीही कॅट्झ दांपत्याने घालून दिलेल्या रीतीप्रमाणे तिची जागा कोणी काढून घेतली नाही. मग एके दिवशी तिने सूत हाती घेतले, वस्तूंभोवती गुंडाळू लागली. आणि २००५ साली देह ठेवीपर्यंत ते हात थांबले नाहीत. तिची शिल्पे आज नामांकित संग्रहालयांत आहेत.

ती घडली नसती, तरी ती दोन वर्षे मी व्यर्थ मानली नसती. आपल्याही घरी कोपऱ्यात बसविलेले एखादे मूल असेल. त्याच्यासाठी आपण किती काळ थांबतो, याचा विचार प्रत्येकाने करावा, एवढीच प्रार्थना.