छायाचित्रें, रेखाचित्रें आणि स्कॅनरची निवड

स्कॅनर कोणता घ्यावा, हा प्रश्न मला अलीकडे वरचेवर विचारण्यांत येतो. विचारणारे बहुधा माझे जुने विद्यार्थी असतात. त्यांचेही केस आतां पिकूं लागले आहेत, आणि वडिलांच्या पश्चात् घरांतील छायाचित्रांची पेटी त्यांच्या वांट्यास आलेली असते. पेटी उघडावी तों वरचीं चित्रें पिवळीं पडलेलीं, कांहींना बुरशी धरलेली, कांहीं एकमेकांना चिकटलेलीं. अशा वेळीं घाई सुचते, आणि दुकानदार दाखवील तें यंत्र घरीं येतें. म्हणून यंत्र घेण्यापूर्वीं काय पाहावें, एवढेंच आज सांगण्याचें योजिलें आहे.

१९५७ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेंत रसेल किर्श यांनीं आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचें लहानसें छायाचित्र गणकयंत्रांत उतरविलें. उभे १७६ आणि आडवे १७६ एवढ्या बिंदूंचें तें चित्र होतें. त्या यंत्रास काळें आणि पांढरें एवढेंच कळत असे. मधल्या छटा मिळविण्यासाठीं तेंच छायाचित्र उजेडाच्या निरनिराळ्या मर्यादा ठरवून पुनः पुनः वाचावें लागलें. आज आपण ज्याला रेखाचित्र आणि छायाचित्र यांतील भेद म्हणतों, तो असा पहिल्याच दिवशीं उभा राहिला होता. रेखाचित्रांत छटा नाहींत. तेथें रेषेची कड महत्त्वाची. छायाचित्राचें सारें सौंदर्य छटांत असतें.

माझ्या वडील बहिणीनें लग्नापूर्वीं टांकानें काढलेली रांगोळ्यांची एक वही माझ्याजवळ आहे. तिचें एक पान इंचास ३०० बिंदु या प्रमाणानें उतरविलें, तेव्हां वळणावळणावर पायऱ्या दिसूं लागल्या. ६०० वर तीं वळणें गुळगुळीत झालीं, आणि १२०० वर तर ताईनें टांक कोठें उचलला आणि कोठें पुन्हा टेकला, तेंही कळलें. छायाचित्रांत मधली करडी छटा पायरी झांकून टाकते. निव्वळ काळ्यापांढऱ्या चित्रांत झांकणारें कोणी नाहीं, म्हणून बिंदु अधिक लागतात. त्याचा भार मात्र पडत नाहीं. ए-४ आकाराचें पान ६०० बिंदूंनीं रंगीत घेतलें तर सुमारें १०० मेगाबाइट जागा लागते. तेंच काळ्यापांढऱ्यांत ४ मेगाबाइटच्या आसपास. कागद डागाळलेला असेल, किंवा चित्र पेन्सिलीचें असेल, तर तें प्रथम करड्या छटांत घ्यावें आणि काळें कोठपर्यंत धरावयाचें तें मागाहून सावकाश ठरवावें. अशीं चित्रें जेपेग पद्धतीनें सांठवूं नयेत. रेषेभोंवतीं मळ दिसतो. टिफ किंवा पीएनजी बरी.

छायाचित्राच्या कागदी प्रतीला ३०० बिंदु पुरतात, मोठें करावयाचें असल्यास ६००. त्यापुढें बहुधा कागदाचे तंतू आणि धूळच अधिक स्पष्ट दिसते. परंतु खालची मर्यादा कसोशीनें पाळावी. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं आईवडिलांच्या विवाहाचें एकमेव छायाचित्र एका दुकानांतून उतरवून आणलें. मूळ प्रत पुढें पावसाच्या पाण्यानें गेली. चित्र मोठें करून भिंतीवर लावूं म्हणून उघडलें, तों चेहऱ्यांच्या जागीं चौकोन! दुकानांत तें इंचास ७५ बिंदूंनीं घेतलें होतें. आतां त्याला कोणताही उपाय नाहीं.

खोक्यावरील मोठ्या आंकड्यांना भुलूं नये. भिंगानें आणि संवेदक पट्टीनें खरोखर टिपलेले बिंदु निराळे, आणि दोन बिंदूंच्या मध्यें हिशेबानें भरलेले निराळे. दुकानदारास ‘ऑप्टिकल किती?’ एवढेंच विचारावें.

याहून मोठा भेद यंत्राच्या अंतरंगांत आहे, आणि त्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. कांहीं यंत्रांत संवेदक पट्टी काचेच्या अगदीं लगत धांवते. तिला सीआयएस म्हणतात. अशीं यंत्रें पातळ, हलकीं आणि स्वस्त. कॅनन कंपनीचीं लाइड मालिकेंतील यंत्रें याच जातीचीं. यूएसबीच्या तारेंतून मिळणाऱ्या विजेवर तीं चालतात. दुसऱ्या जातींत, म्हणजे सीसीडीमध्यें, आरसे आणि भिंग असतें. एप्सनचें व्ही ६०० हें त्यांपैकीं. फरक असा कीं, पहिल्या जातीला काचेवर सपाट बसलेलेंच चित्र स्पष्ट दिसतें. चित्र थोडें उचललेलें असलें कीं तें धूसर होतें. आणि आपल्या जुन्या आल्बमांतील चित्रें तर कडांना वळलेलीं, कित्येक पानाला घट्ट चिकटलेलीं. तीं ओढून काढूं नयेत; फाटतील. अख्खें पान काचेवर पालथें घालावें, आणि त्यासाठीं सीसीडी यंत्र घ्यावें, असें माझें स्पष्ट मत आहे. सुट्या, सपाट प्रती आणि रेखाचित्रें एवढेंच काम असेल, तर जास्त पैसे खर्चण्याचें कारण नाहीं.

निगेटिव्ह जवळ असतील तर हिशेब बदलतो. ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्र २४ गुणिले ३६ मिलिमीटरचें. इंचास ३०० बिंदूंनीं त्याची लांब बाजू जेमतेम ४२५ बिंदूंची होते. २४०० नीं ३४०० ची. शिवाय फिल्ममधून उजेड आरपार जावा लागतो, म्हणून झांकणांतही दिवा असलेलेंच यंत्र हवें. साध्या यंत्रावर निगेटिव्ह ठेवून कांहीं साधत नाहीं.

जुन्या दिवाळी अंकांचा शौक असणाऱ्यांना एक सूचना. ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ चा. तेव्हांपासूनच्या किती अंकांत लाइन ब्लॉक आणि हाफटोन ब्लॉक शेजारीं शेजारीं आढळतात! हाफटोन चित्र स्वतःच बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. त्यावर यंत्राच्या बिंदूंची जाळी पडली कीं लहरींसारखी नक्षी उमटते. त्यासाठीं ‘डीस्क्रीन’ ही सोय पाहून घ्यावी. तीच सोय रेखाचित्राला लावली तर रेषा मात्र मऊ पडते. तेव्हां त्या पानाच्या दोन प्रती घेणें उत्तम. पातळ कागदाच्या मागील मजकूर पुढें दिसत असेल, तर पाठीमागें काळा कागद ठेवावा.

मोबाइलनें काम भागणार नाहीं काय? नातेवाइकांस पाठविण्यापुरतें खुशाल भागतें. जपून ठेवण्यास तें पुरें नाहीं, कारण चकाकी येते आणि कोपरे वाकतात. छपाई आणि स्कॅनिंग एकत्र करणाऱ्या यंत्रांतील कागद ओढून घेणाऱ्या खांचेंत तर जुनें छायाचित्र कधींही घालूं नये. एक चुणी पडली कीं ती कायमचीच.

दुकानांत जातांना घरचें एक वळलेलें छायाचित्र आणि बारीक रेषांचें एक चित्र बरोबर न्यावें. दोन्ही तेथेंच उतरवून पडद्यावर मोठीं करून पाहावीं. आपल्या गणकयंत्रावर त्या स्कॅनरची आज्ञावली चालते ना, हेंही तेथेंच विचारून घ्यावें. दुकानदार कुरकुरला, तर दुसरें दुकान गांठावें.