सूक्ष्म तारा, सूक्ष्म स्फटिक आणि ऊर्जेचा प्रश्न

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेल्या व्याख्यानाचा लेख)



ह्या वर्षीच्या संमेलनात एखाद्या शास्त्रीय विषयावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली आणि आम्ही ती आनंदाने मान्य केली. विषय आहे अर्धसंवाहक पदार्थांच्या अतिसूक्ष्म तारा व अतिसूक्ष्म स्फटिक, आणि ऊर्जेच्या कामी त्यांचा होऊ घातलेला उपयोग. नाव जड आहे खरे. परंतु आपल्यापैकी कित्येकांच्या घरांवर सौर पॅनेल चढली आहेत, प्रत्येकाच्या खिशात बॅटरीवर चालणारा फोन आहे, आणि ‘नॅनो’ हा शब्द तर रंगाच्या डब्यांवरही छापलेला आढळतो. अशा वेळी ह्या शब्दामागे शास्त्र किती आणि जाहिरात किती, हे जाणून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे.

प्रथम मापाचा विचार करू. एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. मनुष्याच्या डोक्याचा केस सुमारे ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर जाड असतो. आमच्या विषयातील स्फटिक बहुधा २ ते १० नॅनोमीटरचे असतात. तारांची जाडी काही दशकांपासून काही शतकांपर्यंत नॅनोमीटर असते. आता ‘अर्धसंवाहक’ म्हणजे काय? तांब्यातून वीज सहज वाहते, काचेतून वाहत नाही. सिलिकॉनसारखे पदार्थ ह्या दोहोंच्या मधले. त्यांच्यावर पुरेशा शक्तीचा प्रकाश पडला की आतील इलेक्ट्रॉन मोकळे होतात, आणि त्यांना वाट करून दिली की विजेचा प्रवाह मिळतो. सौर पॅनेलचे सारे रहस्य एवढेच आहे.

ह्या पदार्थांचा कण अतिशय लहान केला, की एक नवल घडते. सतारीची तार बोटाने दाबून आखूड केली म्हणजे स्वर चढतो. तार तीच, धातू तोच, केवळ लांबी बदलली. तद्वत् चिमुकल्या स्फटिकात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा स्फटिक जितका लहान तितकी चढते. कॅडमियम सेलेनाइडचा थोडा मोठा कण तांबडा प्रकाश देतो, त्याच पदार्थाचा लहान कण निळसर प्रकाश देतो. एरवी रंग बदलावयाचा तर पदार्थ बदलावा लागतो. येथे आकार बदलला की पुरे.

लेनिनग्राड येथे अलेक्सी एकिमोव्ह ह्यांनी १९८१ मध्ये काचेतील कॉपर क्लोराइडच्या स्फटिकांत हा परिणाम दाखविला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लुई ब्रुस ह्यांनी १९८३ मध्ये द्रावणात तरंगणाऱ्या कणांत तो पाहिला. हव्या त्या मापाचे एकसारखे कण करण्याची रीत मौंगी बावेंडी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९३ मध्ये सिद्ध केली. ह्या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तारांची कथा ह्याहूनही जुनी आहे. बेल प्रयोगशाळेतच वॅग्नर आणि एलिस ह्यांनी १९६४ मध्ये सिलिकॉनची बारीक तंतुरूप वाढ कशी होते ते उलगडले. सोने १,०६४ अंश सेल्सियसला वितळते, सिलिकॉन १,४१४ अंशांना; परंतु दोहोंचे योग्य मिश्रण सुमारे ३६३ अंशांनाच द्रवरूप होते. तापलेल्या पृष्ठावर सोन्याचा सूक्ष्म थेंब ठेवून भोवती सिलिकॉनयुक्त वायू सोडला, की सिलिकॉन त्या थेंबात विरघळू लागते. थेंब तृप्त झाला म्हणजे जादा सिलिकॉन त्याच्या तळाशी स्फटिकरूपाने साचते, आणि कोंबाच्या टोकावर दवबिंदू असावा तसा थेंब माथ्यावर घेऊन तार उंच वाढत जाते.

ह्या तारांचा उपयोग काय, ते बॅटरीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. फोनच्या लिथियम बॅटरीत ऋण अग्रासाठी मुख्यतः ग्रॅफाइट वापरतात. वजनास वजन धरले, तर सिलिकॉन त्याच्या जवळजवळ दहापट लिथियम साठवू शकते. मग ते का वापरू नये? कारण लिथियम शोषताना सिलिकॉन फुगून जवळजवळ चौपट होते. घट्ट झाकणाच्या डब्यात काठोकाठ हरभरे भरून त्यांत पाणी ओतले, तर डब्याची जी गत होईल, तीच ह्या अग्राची होते. काही फेऱ्यांतच सिलिकॉनचे तुकडे पडतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील यी कुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ह्यावर तोड काढली. त्यांनी धातूच्या पत्र्यावर सिलिकॉनच्या सूक्ष्म तारा शेतातील रोपांप्रमाणे उभ्या वाढविल्या. प्रत्येक तारेला फुगण्यास भोवती जागा राहिली आणि तारा भंगल्या नाहीत. ह्या मार्गाने निघालेल्या अँप्रियस कंपनीच्या बॅटऱ्या एअरबसच्या ‘झेफिर’ ह्या सूर्यशक्तीवर उडणाऱ्या मानवरहित विमानात वापरण्यात आल्या.

सौर विजेच्या क्षेत्रातही असेच घडले. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये इंडियम फॉस्फाइडच्या तारांचा सौर घट प्रसिद्ध केला. तारांनी पृष्ठाचा केवळ १२ टक्के भाग व्यापला होता. तरी पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी १३.८ टक्के ऊर्जेची वीज झाली. प्रकाश ही लहर आहे, आणि तिच्या लांबीहून बारीक तार आपल्या रुंदीपेक्षा अधिक क्षेत्रातील प्रकाश ओढून घेते. म्हणून महागडा पदार्थ थोडक्यात भागतो. स्फटिकांचीही प्रगती अशीच झाली. बर्कली येथे २००२ मध्ये सूक्ष्म दंडाकृती स्फटिक प्लास्टिकमध्ये मिसळून केलेल्या घटाची कार्यक्षमता १.७ टक्के होती. दक्षिण कोरियातील उल्सान येथे २०२४ मध्ये स्फटिकांच्या घटाने १८.१ टक्क्यांची मजल गाठली.

येथवर ऐकून कोणासही वाटेल की, आता आपल्या छतावरील पॅनेल काढून नवी लावावयाचीच काय ती बाकी आहे. तसे नाही, आणि तसे का नाही हेच आजच्या व्याख्यानाचे सार आहे.

खडीसाखरेचा खडा पाण्यात सावकाश विरघळतो. तीच साखर दळली की क्षणात नाहीशी होते, कारण दळल्याने पाण्यास भिडणारा पृष्ठभाग वाढतो. सूक्ष्म तारांचे व स्फटिकांचे बळ ह्याच पृष्ठभागात आहे, आणि त्यांचा दुबळेपणाही तेथेच आहे. बॅटरीतील तार द्रवाशी जितकी अधिक भिडते, तितकी नको असलेली रासायनिक क्रियाही वाढते आणि लिथियम वाया जाते. स्फटिकाच्या पृष्ठावरील अणूंना शेजारी अपुरे पडतात. त्या उणिवेच्या जागी इलेक्ट्रॉन अडकतो. ती झाकण्यासाठी सेंद्रिय रेणूंचे वेष्टन द्यावे, तर लांब रेणूंचे वेष्टनच विजेची वाट अडविते. हवा आणि ओल ह्यांचा उपद्रव वेगळाच. शिवाय उत्तम गुणाचे कित्येक स्फटिक कॅडमियम वा शिसे ह्या विषारी धातूंचे असतात. म्हणूनच हे स्फटिक छतावरील पॅनेलच्या आधी दूरचित्रवाणी संचांच्या पडद्यांत पोहोचले. पडदा घराच्या आत राहतो. पॅनेलला मात्र वैशाखाचे ऊन आणि आषाढाचा पाऊस वर्षानुवर्षे सोसावयाचा असतो.

तेव्हा वर्तमानपत्रात ‘नॅनो’च्या विक्रमाची बातमी आली, वा विक्रेता दारी आला, तर आपण तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हा गुण किती वर्षे टिकला? तो नखाएवढ्या तुकड्यावर मोजला की पूर्ण पॅनेलवर? आणि त्यात कोणते धातू आहेत, निकामी झाल्यावर त्यांची विल्हेवाट कोण लावणार? ह्या प्रश्नांचे महत्त्व आपल्याकडील अभ्यासकांनीही ओळखले आहे. पवईच्या आय. आय. टी.त २०१० मध्ये सौर विजेच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. देशातील निरनिराळ्या हवामानांत बसविलेली पॅनेल कशी टिकतात, ह्याची पाहणी त्या केंद्राने प्रत्यक्ष जागेवर जाऊन केली आहे. पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णी ह्यांनी नॅनोकणांवर दीर्घकाळ संशोधन केले आणि विद्यार्थ्यांसाठी ह्या विषयाचे पाठ्यपुस्तकही लिहिले.

ज्यांना आज घरावर वीज निर्माण करावयाची आहे, त्यांनी नव्या शोधाची वाट पाहत बसू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. साधे सिलिकॉनचे पॅनेल आज २० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता देते, आणि पंचवीस वर्षांपर्यंतची हमी त्यावर सामान्यतः मिळते. परंतु हेही ध्यानात असावे की, बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये जन्मलेल्या ह्याच सिलिकॉन घटाची कार्यक्षमता अवघी ६ टक्के होती. त्या सहाचे वीस होण्यामागे अनेक अज्ञात माणसांची आयुष्ये आहेत. तारांच्या वाढीचा उलगडा आणि बॅटरीतील त्यांचा उपयोग ह्यांमध्ये चव्वेचाळीस वर्षांचे अंतर आहे.

ह्यासाठी येथे जमलेल्या मातापित्यांना आमची एक नम्र विनंती आहे. आपला मुलगा वा मुलगी अशा संशोधनाचा मार्ग धरू म्हणेल, तर दोन वर्षांनी ‘पुढे काय झाले?’ असा तगादा लावू नये. ह्या क्षेत्रात प्रयोग शंभर वेळा फसतो, आणि तो का फसला हे नीट टिपून ठेवणे हीच पुढच्याची शिदोरी ठरते. नोकरी लागलेल्या भावंडाशी त्या मुलाची तुलना होऊ नये, एवढा आधार घराने दिला तरी पुष्कळ आहे.