यादीत नसलेला देश

बाड हॉम्बुर्गहून बोलतोय. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हे काय काढलंय याने? कझाकस्तान आणि कोसोवो. एक मध्य आशियातला, दुसरा बाल्कनमधला, आणि दोघांमध्ये राजनैतिक संबंधच नाहीत. नसलेल्या संबंधांवर काय बोलायचं? मलाही तसंच वाटलं असतं. पण उन्हाळ्यात हा विषय आमच्या मागच्या अंगणात, ग्रिलच्या धुरात, आपणहून येऊन बसला.

मुलीच्या मैत्रिणीचं कुटुंब जेवायला आलं होतं. मैत्रिणीचे बाबा मूळचे प्रिझरेनचे, कोसोवोतले. 1999च्या युद्धात शाळकरी वयात इथे आले. डिसेंबरात पुण्याला माझ्या पुतणीचं लग्न आहे. बोलण्याच्या भरात मी म्हणून गेलो, तुम्ही सगळेच या ना! ते हसले. म्हणाले, "तुझं सरकार माझ्या देशाला ओळखत नाही." तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "माझा जुना देशसुद्धा ओळखत नाही."

या काकू जर्मन, पण जन्म कारागांडाचा, म्हणजे कझाकस्तानातला. 1941मध्ये स्टालिनने व्होल्गाकाठच्या जर्मनांना उचलून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं, त्यात त्यांचे आजी-आजोबा होते. 1989च्या जनगणनेत कझाकस्तानात साडेनऊ लाखांवर जर्मन होते. पुढे बहुतेक इकडे आले. तुमच्याही ऑफिसात, मुलांच्या वर्गात कुणीतरी असेलच. विचारून बघा.

तर एका टेबलाभोवती तीन देश, आणि त्यातले दोन तिसऱ्याला मानत नाहीत. मटार-पनीर मात्र सगळ्यांनी मानलं.

माझ्या धंद्यात कोसोवो मला आधी भेटलेला आहे, देशांच्या ड्रॉपडाउनमध्ये. जगभरच्या सॉफ्टवेअरमध्ये देशांची दोन अक्षरी यादी असते, आयएसओची. भारत आयएन, कझाकस्तान केझेड. कोसोवोला त्यात अधिकृत कोड नाही. 'एक्सके' म्हणून चालवतात, पण ती अक्षरं वापरणाऱ्याने आपल्या सोयीने घ्यावीत म्हणून मोकळी ठेवलेली आहेत. एका ग्राहकाकडे मी ते नाव यादीत घातलं तर दुसऱ्याच विभागाने तक्रार केली. तेव्हा मला ती तांत्रिक कटकट वाटली होती. त्या यादीतून कुणी माणूस वगळला जातोय, हे डोक्यातही आलं नाही.

कोसोवोने 17 फेब्रुवारी 2008 रोजी स्वातंत्र्य जाहीर केलं. जर्मनीने तीनच दिवसांत मान्यता दिली. युरोपीय संघातल्या स्पेन, ग्रीस, रोमानिया, स्लोव्हाकिया आणि सायप्रस या पाच देशांनी आजवर दिलेली नाही. मध्य आशियातल्या पाचांपैकी एकानेही नाही. भारतानेही नाही.

का नाही, हे समजायला आपली चाळ उपयोगी पडते. चाळ पाडून टॉवर उभा राहतो तेव्हा कागदावरच्या भाडेकरूला नवा फ्लॅट मिळतो, पोटभाडेकरूला नाही. मग तो तिथे चाळीस वर्षं का राहिलेला असेना. सोव्हिएत संघ आणि युगोस्लाव्हिया मोडले तेव्हा हाच हिशोब लागला. सोव्हिएत संघातली 15 प्रजासत्ताकं म्हणजे कागदावरचे भाडेकरू. त्यांचे 15 देश झाले. कझाकस्तान त्यातला सगळ्यात शेवटी, 16 डिसेंबर 1991 रोजी, स्वतंत्र झाला. युगोस्लाव्हियात अशी सहा प्रजासत्ताकं होती. कोसोवो मात्र सर्बियाच्या आतला स्वायत्त प्रांत, म्हणजे पोटभाडेकरू. 1974च्या राज्यघटनेने त्याला बरीच स्वायत्तता दिली होती, ती 1989मध्ये काढून घेतली गेली. नंतर जे झालं ते प्रिझरेनच्या त्या मुलाने डोळ्यांनी पाहिलं.

म्हणजे कझाकस्तान स्वतः ज्या नियमाने जन्मला, तोच नियम कोसोवोला लावतो. त्यात सर्बियाशी मैत्री आहेच. पण खरी गोम उत्तरेला आहे. रशियाशी साडेसात हजार किलोमीटरांवर लांब सीमा, आणि त्या पट्ट्यात मोठी रशियन वस्ती. आज कोसोवोला हो म्हटलं, तर उद्या तिथे कुणी तोच अर्ज केल्यावर काय सांगणार?

हे नुसतं तर्कटही नाही. 17 जून 2022, सेंट पीटर्सबर्गचं आर्थिक अधिवेशन. मंचावर पुतिन, आणि सोबत कझाकस्तानचे अध्यक्ष कासिम-जोमार्त तोकायेव. युक्रेन युद्धाला चार महिने होत आलेले. तोकायेव म्हणाले की आम्ही तैवान, कोसोवो, दक्षिण ओसेतिया, अबखाझिया यांना मान्यता देत नाही, त्याच न्यायाने लुहान्स्क आणि दोनेत्स्कलाही देणार नाही. प्रत्येकाचा स्वयंनिर्णय मानायचा तर जगात पाच-सहाशे देश होतील. तिथे बसून हे बोलायला छाती लागते! रशिया स्वतः कोसोवोला मानत नाही, पण क्रिमियासाठी दाखला कोसोवोचाच देतो. कोसोवोचा तो नकार तोकायेवांनी तिथे ढालीसारखा पुढे धरला.

आता आपलं. भारताचा आणि बेलग्रेडचा स्नेह जुना. अलिप्ततावादी देशांची पहिली परिषद 1961मध्ये तिथेच भरली. पुढे युगोस्लाव्हिया फुटत असताना, 1992मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती होते सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अधिकारी. तरी माझ्या मते भारताच्या नकारामागे स्नेहापेक्षा काश्मीर जास्त आहे. एका प्रांताने एकतर्फी वेगळं व्हायचं आणि बाहेरच्यांनी शिक्का मारायचा, हा पायंडा दिल्लीला परवडणारा नाही. 2010मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की कोसोवोच्या घोषणेने आंतरराष्ट्रीय कायदा मोडलेला नाही. पण मान्यता द्यायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं.

धोरण म्हणून मला हे पटतं. पण त्याची किंमत कोण मोजतं, तेही बघायला हवं. नोव्हेंबर 2018मध्ये दिल्लीत महिलांची जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धा झाली. कोसोवोच्या दोन्येता सादिकूला व्हिसा मिळाला नाही, तिला खेळताच आलं नाही. मुलीने हे मोबाइलवर शोधून काढलं आणि मला विचारलं, "बाबा, तिने काय केलं होतं?" मी चाळ सांगितली, काश्मीर सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते कळलं. पण तिने काय केलं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. काही नाही, एवढंच म्हणालो.

तेव्हा तुमच्याही मुलांचे असे मित्र असतील, तर लग्नाचं आमंत्रण द्या, पण तिकिटं काढायला सांगण्याआधी पासपोर्ट कुठला ते विचारा आणि फ्रँकफर्टच्या आपल्या वाणिज्य दूतावासात चौकशी करा. मी आधी बोललो आणि मग चौकशीला लागलो.

मैत्रीण आणि तिची आई जर्मन नागरिक, त्यांचा ई-व्हिसा होईल. बाबांनी मात्र इतकी वर्षं जर्मन पासपोर्ट घेतलाच नव्हता, कारण त्यासाठी कोसोवोचा सोडावा लागेल अशी त्यांची धास्ती होती. "ज्या देशासाठी घर जळताना पाहिलं, त्याचा पासपोर्ट परत करू?" असं ते मला एकदा म्हणाले होते. निळा पासपोर्ट जमा करून ओसीआयचं कार्ड घेतलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. जून 2024च्या नव्या कायद्याने जर्मनीत दोन्ही नागरिकत्वं ठेवता येतात. त्यांनी अर्ज केला आहे. डिसेंबरपर्यंत निकाल लागेल असं कुणीच म्हणत नाही.

मुलीने त्यांच्या मापाचा कुर्ता मात्र मागवून ठेवलाय.