सर्व्हर रिबूट केलात, पण तो परत आला का?

तुमच्यापैकी बरेच जण सपोर्टमध्ये आहात, काही जण नुकतेच डेव्हऑप्समध्ये शिरलायत, काही अजून शिकताय. आजचा विषय तुम्हा सगळ्यांना कधी ना कधी रात्री दोन वाजता भेटणारच. पॅचिंगनंतर सर्व्हर आपोआप रिबूट कसे करायचे, तेही लांब बसून.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पॅच इन्स्टॉल होणं वेगळं आणि लागू होणं वेगळं. लिनक्समध्ये नवा कर्नल डिस्कवर आला तरी रिबूट होईपर्यंत मेमरीत जुनाच चालू असतो. रिपोर्टमध्ये हिरवा टिक दिसतो, पण भोक तसंच उघडं. लाइव्ह पॅचिंग नावाचा प्रकार आहे, पण तो सगळ्या बदलांना पुरत नाही.

'नंतर करू' किती महाग पडतं बघा. मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 ला एक पॅच काढला. 12 मे 2017 ला वॉनाक्रायने नेमक्या त्याच भोकातून जगभर धुमाकूळ घातला. ब्रिटनच्या सरकारी हॉस्पिटलांना पेशंटच्या अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. पॅच जवळजवळ दोन महिने आधी आलेला होता!

मग लोक रिबूट का टाळतात? भीती वाटते. मशीन परत उठलंच नाही तर? आपण पुण्यात, सर्व्हर कुठल्या तरी दूरच्या डेटा सेंटरमध्ये, बटण दाबायला जाणार कोण? ही भीती खोटी नाही. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे 85 लाख विंडोज मशीन्स बंद पडली. बऱ्याच ठिकाणी माणसाला एकेका मशीनपाशी जाऊन दुरुस्ती करावी लागली.

म्हणून रिबूटची कमांड लूपमध्ये टाकली की ऑटोमेशन झालं, असं समजू नका. कमांड देणं सोपं असतं. मशीन नीट परत आलं हे तपासणं, आणि नसेल आलं तर थांबणं, खरं काम ते आहे. क्रमाने बघू.

पहिलं, रिबूटची गरज आहे का ते सर्व्हरलाच विचारा. उबुंटू आणि डेबियनवर गरज असेल तेव्हा 'रिबूट-रिक्वायर्ड' नावाची फाइल तयार होते. रेड हॅटवर 'नीड्स-रिस्टार्टिंग' कमांड 'आर' ऑप्शनसह चालवा. रिबूट हवा असेल तर ती एक्झिट कोड 1 देते. गंमत अशी की 1 म्हणजे फेल असं समजून तुमची स्क्रिप्ट तिथेच अडकू शकते. ते आधीच हाताळा.

दुसरं, मशीन लोड बॅलन्सरमधून बाहेर काढा, चालू रिक्वेस्ट संपू द्या. क्लस्टर असेल तर गणित करा. तीन नोडच्या क्लस्टरमध्ये एक गेला तर चालतं, दोन एकदम गेले तर बहुमत गेलं आणि क्लस्टर ठप्प.

तिसरं, खरंच रिबूट झाला का? इथे भलेभले फसतात. कमांड दिली, कनेक्शन तुटलं, स्क्रिप्टने पाच सेकंदांनी परत लॉगिन केलं आणि ते झालंसुद्धा! कारण सर्व्हर अजून बंदच व्हायचा होता. स्क्रिप्टला वाटलं, आला परत. यावर उपाय म्हणजे बूट आयडी. लिनक्समध्ये हा नंबर दर बूटला बदलतो. आधीचा लिहून ठेवा, नंतरचा ताडून बघा. अ‍ॅन्सिबलचं रिबूट मॉड्यूल हेच करतं आणि डीफॉल्टने 600 सेकंद वाट बघतं. मोठ्या फिजिकल सर्व्हरला मेमरी तपासायलाच बराच वेळ लागतो, तिथे हा आकडा वाढवा.

चौथं, लॉगिन झालं म्हणजे सेवा चालू आहे असं नाही. अ‍ॅन्सिबलची डीफॉल्ट तपासणी फक्त लॉगिन होतंय का एवढंच सांगते. तुमचं अ‍ॅप उत्तर देतंय का, डेटाबेस जोडला गेलाय का, नवाच कर्नल चालतोय का, हे तुम्ही तपासायचं. सहा महिन्यांपूर्वी कुणीतरी सर्व्हिस हाताने चालू केलेली असते, पण बूटला आपोआप सुरू व्हावी म्हणून 'इनेबल' केलेलीच नसते. रिबूटनंतर ती गायब!

पाचवं, सगळे एकदम घेऊ नका. आधी एक, मग थोडे, मग बाकीचे. अ‍ॅन्सिबलमध्ये यासाठी 'सीरियल' आहे. पण लक्षात ठेवा, दहाच्या बॅचमध्ये तीन फेल झाले तरी डीफॉल्टने ते पुढच्या बॅचकडे जातं. 'मॅक्स फेल पर्सेंटेज' शून्य ठेवा, म्हणजे पहिल्या फेलनंतर पुढची बॅच सुरूच होणार नाही.

आणखी एक युक्ती. एखादा सर्व्हर दोन वर्षं बंदच झालेला नाही, याचा काही लोकांना अभिमान वाटतो. मला धडकी भरते! तो परत उठेल की नाही हे कुणालाच माहीत नसतं. अशा मशीनला पॅच लावण्याआधी एकदा नुसतंच रिबूट करून बघा. डिस्क माउंट करण्याच्या फाइलमध्ये जुनी चूक दडलेली असेल तर ती तेव्हाच कळेल, आणि उगाच पॅचवर आळ येणार नाही. त्याआधी रिमोट कन्सोलचा पासवर्ड चालतो ना, एवढं मात्र तपासून ठेवा. नेटवर्कच उठलं नाही तर तोच एक दरवाजा उरतो.

हे सगळं केलंत की रात्री दोनला स्क्रीनकडे टक लावून बसायची गरज नाही. काम नीट झालं तर सकाळी रिपोर्ट, बिघडलं तर एकाच मशीनवर थांबून तुम्हाला फोन. शंभर मशीन पडल्यावर उठण्यापेक्षा एकासाठी उठलेलं बरं.

या आठवड्यात एका टेस्ट मशीनवर बूट आयडी ताडून बघायचा प्रयोग करा. काही अडलं तर कळवा. भेटू पुढच्या भागात!